टेरिलीनची नळी

बंगळूरच्या चामराजपेटेत मी वीस वर्षं शर्ट-पँटी शिवत होतो. मशीन पायानं चालवताना पोटऱ्या भरून यायच्या, म्हणून मध्ये मध्ये थांबायचो, आणि बायको, अंजली, मला आळशी म्हणायची.

चौऱ्याण्णव साली चक्कर आली. दवाखान्यात दंडाचं ब्लडप्रेशर एकशे नव्वद निघालं आणि मांडीचं एकशे दहा. एका माणसाची दोन मापं! मी म्हटलं, तुमचा टेप बदला. डॉक्टर हसले नाहीत. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीतच एका जागी चिमटलेली आहे म्हणाले, जन्मापासून; म्हणून वर दाब जास्त आणि पायांना रक्त कमी. ऑपरेशन केलं नाही तर कधीतरी मेंदूतली नस फुटेल. मग अडतीस वर्षं ती का फुटली नाही, हे कुणाला विचारायचं?

सर्जन जयतीर्थांनी कागदावर चित्र काढलं. "अरुंद भाग कापून टाकायचा, मास्टर, आणि टोकं जोडायची."

"कापल्यावर कमी नाही पडणार?"

"पडतं की. म्हणून मध्ये ही नळी." त्यांनी नमुना पुढे केला. पांढरी, चुण्यांची. मी चिमटीत धरून पाहिली. टेरिलीनच, शर्टाचं कापड!

"हे उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, डॉक्टर. आत कसं चालेल?"

"स्वल्प, थोडा विश्वास ठेवा, अण्णा." मग ते हळू आवाजात म्हणाले, "शिवेपर्यंत खालचं रक्त बंद ठेवावं लागतं. अर्ध्या तासात उरकतो. फार लांबलं तर क्वचित पाय लुळे पडतात."

पाय गेले तर मशीन गेलं. माझं डोकंच चालेना. घाईतला टाका उसवतो, हे मला माहीत. आणि सावकाश शिवा म्हणावं तर पाय जाणार. अंजलीला विचारलं.

"तुमालाच कळंना, मला कसं कळंल?" म्हणाली आणि रडायला लागली. मला तिचा रागही आला आणि कीवही.

ऑपरेशनच्या सकाळी मला आत नेलं. जयतीर्थांनी विचारलं, "काही सांगायचंय, मास्टर?"

लवकर शिवा. सावकाश शिवा. दोन्ही जिभेवर आलं, बाहेर एकही पडेना.

"तुम्हाला बरं वाटेल तसं शिवा," मी म्हटलं.

असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर मी आजवर खेकसत आलो होतो: आधी नीट सांगा, मागाहून कुरकुर नको. जयतीर्थ खेकसले नाहीत. त्यांनी माझ्या पायांवर चादर ओढली. तेव्हा मला फार भीती वाटली.