खिशातले तीन फ्यूज

न्हाव्याच्या दुकानातला गोल आरसा. मागे पत्रा, काठाला तडा.

भाताच्या तुसाची उशी. कापूस दबतो, तूस दबत नाही.

हळदीच्या मांडवात अंधार. नवरदेव अर्धा पिवळा, अर्धा तसाच.

पँटला वेगळा शिवलेला खिसा, मांडीच्या निम्म्यापर्यंत लोंबणारा.

मणक्यात एक पट्टी आणि चार स्क्रू. एक्स-रेत दृष्ट लागण्यासारखे सरळ दिसतात.

माणसाला मान हलवून 'हो' किती वेळा म्हणावं लागतं, हे सहसा कोणी मोजत नाही. ज्याची मान हलत नाही, तो मोजतो. शहापूरच्या बाजारात एका सकाळी: छत्तीस वेळा.

"भर उन्हाचा खांबाखाली दाढी करतंस काय रं, वायरमन?"

हा प्रश्न शेणव्याच्या कमळाबाईंचा. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन त्या गिरणीकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. खांबाखाली जयराम वायरमन नाकासमोर गोल आरसा तिरका धरून उभा होता.

"दाढी नाय, मावशी. वर वाल्मिक हाय, त्याला बघतो."

"त्याला बघायला आरसा कशाला? मान वर कर नं."

"ती वर व्हत नाय."

"मंग सासऱ्याच्या पाया कसा पडतंस?"

"पडतच नाय. लांबूनच जय भीम."

वरून वाल्मिक हसला. "दादा, मावशीला सांग, आरशात मी लय देखणा दिसतो."

"तुझी चड्डी उसवलेली दिसते. काम कर."

वाल्मिक हसत पुन्हा तारेकडे वळला. कमळाबाई पुढे गेल्या. जयराम हसला नाही, कारण हसताना हनुवटी खाली जाते आणि हनुवटी खाली गेली की उजव्या कानामागून जी कळ निघते, ती खांद्याच्या फऱ्यातून थेट करंगळीपर्यंत जाते. पाच वर्षांत त्याने या दुखण्याला आपल्याच धंद्याची भाषा दिली होती. सकाळी कमी दाबाचं. दुपारी पूर्ण दाबाचं. आणि महिन्यातून दोन-तीनदा असं, की त्याला दाब मोजायचीही शुद्ध राहत नसे.

मानेचं ऑपरेशन नव्व्याण्णव साली झालं, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. गळ्याच्या पुढून चिरलं. सहा महिन्यांनी दुखणं राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सहा महिन्यांनी त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि ऑपरेशन उत्तम झालंय म्हणाले. "पन दुखतंय," जयराम म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे बघितला. जयरामकडे बघायचं राहून गेलं.

तेव्हापासून खांबावर वाल्मिक चढे. वाल्मिक त्याचा जुना जोडीदार, चाळिशी ओलांडलेला, बडबड्या, पण तारेला हात लावायच्या आधी वरून हटकून विचारणारा: "दादा, खिसा?"

"भरलेला," जयराम खालून सांगे.

त्या खिशात डीपीतले तीन फ्यूज असत. डीपी म्हणजे गावाला वीज वाटणारी पत्र्याची पेटी, छातीच्या उंचीवर बसवलेली. खांबावर चढायचं तर आधी डीपीतले चिनीमातीचे ते तीन फ्यूज काढायचे, आणि काढले की ते खाली ठेवायचे नाहीत, कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. आपल्या खिशात घालायचे. वरचा माणूस जमिनीला पाय लावीपर्यंत ते तिथेच. लाइनीवरच्या माणसांचा हा नेम कागदावर कुठे लिहिलेला नाही. तो मोडलेली माणसं सांगायला उरत नाहीत, म्हणून टिकलेला आहे.

जयरामने हा नेम एकदा मोडला होता. उलट्या बाजूने.

मार्चमधली गोष्ट. डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर काम होतं. दुखणं सकाळपासूनच पूर्ण दाबाचं, म्हणून त्याने दुपारी गोळी घेतली. मग थोड्या वेळाने दुसरी. वाल्मिक खाली उतरला, पुढच्या गावच्या तक्रारीवर सायकलने निघून गेला. जयरामने फक्त फ्यूज बसवायचे होते. तो आंब्याखाली क्षणभर टेकला. जाग आली तेव्हा एसटीचा हॉर्न वाजत होता. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. तो उठला, एसटीत चढला आणि आसनगावला घरी येऊन झोपला.

पाड्यावर त्या संध्याकाळी हळद होती.

बायको रत्नप्रभा दुसऱ्या दिवशी पँट धुवायला घेताना म्हणाली, "अवो, ह्या काय दगडं भरून आनलेत?"

त्याने फ्यूज बघितले आणि तो भिंतीला धरून खाली बसला.

शहापूरच्या वीज मंडळाच्या ऑफिसात अनिता मॅडम इंजिनिअर म्हणून नव्याने आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला मोजक्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या खिशावर माणसाचा जीव असतो, जयराम. तुम्ही झोपलात. तुम्हाला तक्रारीच्या टेबलावर घेते. बसून काम आहे, हलकं."

हलकं. सगळे तेच म्हणत. टेबल म्हणजे दिवसभर खाली वाकून रजिस्टर लिहायचं, आणि फोन खांद्यात दाबून ऐकायचा. ऑपरेशनची रजा संपल्यावर त्याने एक आठवडा ते करून बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी करंगळी बधिर झाली, पाचव्या दिवशी पेन हातातून पडलं ते कळलंही नाही. उभं राहून, सरळ समोर बघून जे करता येतं तेवढंच त्याला आता करता येत होतं. तेही काढून घेतलं तर उरणार होती फक्त मानेखालची तुसाची उशी.

"एक महिना द्या, मॅडम. म्हयन्यात पुन्हा चूक झाली तर मीच येऊन टेबलाशी बसतो."

"दुखलं तर काय कराल?"

"दुखंल."

मॅडमनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. "महिना," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्याने रत्नप्रभाला खिसा शिवायला सांगितला. पिशवी खांद्याला लावली की कळ येई, म्हणून पँटलाच, खोल.

"येवढा खोल कशाला?" तिने विचारलं.

"तळाला गोळ्या ऱ्हातील. त्यांच्यावर फ्यूज."

"म्हंजे?"

"फ्यूज डीपीत गेल्याबिगर गोळीला हातच पोचला नाय पायजे."

रत्नप्रभाने दोरा दातांनी तोडला. "आन् मधेच कळ आली तर?"

"तर ती येईल नं. येऊन जाईल."

"पाच वर्सं झाली, अजून गेली नाय ती," ती म्हणाली, आणि खिशाला दुहेरी टीप मारली.

आज त्या महिन्याचा सत्ताविसावा दिवस होता.

उन्हं चढली. वर वाल्मिक जळालेली तार कापून नवी जोडत होता. "दादा, अजून अर्धा तास," तो ओरडला. आणि तेव्हाच ती आली. महिन्यातून दोन-तीनदा येणारी.

आधी कानामागे ठिणगी. मग फरा. मग बोटं. जयरामचा डावा हात आपोआप खिशात गेला आणि थंड चिनीमातीला लागला. एक. दोन. तीन. त्याखाली कुठेतरी गोळ्यांची पट्टी. फ्यूज बाहेर काढून हातात धरायचे, पट्टी ओढायची, फ्यूज परत आत. अर्ध्या मिनिटाचं काम. कोण बघतंय?

त्याने हात बाहेर काढला.

डोळ्यांत पाणी आलं. घाम गळ्यावरच्या व्रणावरून ओघळला. आरसा धरलेला उजवा हात हळूहळू खाली यायला लागला, आणि तिरका आरसा उभा झाला. त्यातून वाल्मिक गेला. खांबाचं टोक गेलं. आरशात आता जयरामच्या पाठीमागचा रस्ता होता, कडुलिंब होता आणि तीस पावलांवरची डीपी होती.

डीपीचं दार उघडं होतं. गिरणीवाला आदेश त्याच्यापुढे उभा होता. त्याच्या हातात सोललेल्या तारेचा तुकडा होता.

जयरामला मान वळवता येत नाही. तो अख्खाच वळला, खांब वळावा तसा, आणि धावला. पाच वर्षांत तो धावला नव्हता. प्रत्येक पावलाचा हिसका त्या चार स्क्रूंत वाजत होता. "ए! हात काढ! वर मानूस हाय!"

आदेश दचकून मागे झाला. तार खाली पडली. जयराम डीपीला पाठ लावून उभा राहिला आणि काही वेळ त्याला श्वासच घेता आला नाही.

"मला काय म्हाईत वर कोन हाय ते!" आदेश पांढरा पडला होता. "झाडाआड खांब दिसतोय का हिथून? बाया दळन घिऊन बसल्यात..."

"फ्यूज नाय डीपीत, म्हंजे वर मानूस असतो. शेंबडं पोर सांगंल."

"असायचा," आदेश म्हणाला. मग डोळे चुकवून बोलला, "पाड्यावरच्या हळदीत तुमी फ्यूज घिऊन घरी गेलावते. पोरांनी फ्यूजच्या जागी तार टाकली, लाइट आली. तवापासून समदीकडं तेच करतात. आमी म्हनतो, वायरमन गेला असंल झोपायला. कोन थांबनार?"

"कितीदा केलंत?"

"हिथं? दोनदा. तवा वर कोन नव्हता. आपला नशीब."

जयरामने खाली पडलेली तार पायाने बाजूला सारली. इतके दिवस त्याला वाटत होतं, चूक एका संध्याकाळची होती आणि ती मांडवातल्या अंधारासोबत संपली. ती संपली नव्हती. ती गावोगाव फिरत होती, हातात तारेचा तुकडा घेऊन.

वाल्मिक काम संपवून खाली आला, तोवर जयराम तिथेच डीपीला टेकून उभा होता. सगळं ऐकल्यावर वाल्मिक आधी दोन मिनिटं आदेशच्या सात पिढ्यांवर बोलला. मग जयरामने फ्यूज एकेक करून बसवले. गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज आला. आता खिशाच्या तळाशी हात पोचत होता, पण बोटं ऐकेनात. वाल्मिकने गोळी सोडवून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ह्यातला मॅडमला कायपन सांगू नको, दादा. तीनच दिवस ऱ्हायलेत."

"सांगनार."

"येडा झालास का? तू मला वाचिवलास!"

"मीच तुला मारीत व्हतो," जयराम म्हणाला. "म्हयनाभर. तुला ठावं नाय, मलाबी ठावं नव्हतं."

शहापूरच्या ऑफिसात तो बसला नाही. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, हळदीपासून आदेशच्या तारेपर्यंत, काहीही न वगळता. मग म्हणाला, "मॅडम, डीप्यांना कुलपं लावली पायजेत. येकूनयेक. आपल्या हद्दीत शंभरावर हायेत. पेटी छातीयेवढी असते. वर बघावं लागत नाय, खाली बघावं लागत नाय. ते काम मी करतो. गावात बसून लोकांना सांगतो पन, की फ्यूज नसंल तर थांबायचं. माझ्यामुळं शिकलेत, मीच मोडतो."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे. टेबलाशी बसन्यापरीस बरे."

अनिता मॅडमनी समोरचा कागद बाजूला सारला. "कुलपं तुम्ही लावा," त्या म्हणाल्या. "पण वाल्मिक चढेल तेव्हा खाली दुसरा माणूस राहील. ज्याला मागे वळून बघता येतं असा. हे तुम्हालाही..."

"हो," जयराम म्हणाला. त्यांचं वाक्य पुरं व्हायची त्याने वाट बघितली नाही.

भाताच्या आवण्या सुरू व्हायच्या आत एकेचाळीस कुलपं लागली. डोळखांबच्या डोंगरातली पावसात राहिली, ती दिवाळीनंतर. एसटीने उतरायचं, सरळ समोर बघत चालायचं, पेटी पुसायची, कोयंडा ठोकायचा. ठोकताना प्रत्येक घाव मानेत जाई, म्हणून तो चार घाव घाली, थांबे, पुन्हा चार घाली. पारावर माणसं जमत. "वायरमन, आता आरसा नाय का?" कोणी विचारी. "वाल्मिकला दिला, दाढीला," तो सांगे, आणि मग हळदीची गोष्ट सांगे. स्वतःचं नाव घेऊन. ज्या पाड्यावर ती हळद होती, तिथेही सांगितली. तेव्हाचा नवरदेव पुढे आला आणि त्याने कोयंडा धरून ठेवला.

खोल खिशात आता चाव्यांचा जुडगा असे, आणि तळाशी गोळ्या. त्याने नेम तोच ठेवला. कुलूप लागून किल्ली फिरल्याशिवाय तळाला हात घालायचा नाही.

एकदा शेणव्यावरून एसटी जात होती. खांबावर वाल्मिक होता, खाली कोणी नवा माणूस मान मागे टाकून वर बघत होता. जयराम खिडकीशी बसला होता. खांब मागे पडला, तो त्याला वळून बघता आला नाही. पण खिडकी उघडी होती, आणि वरून वाल्मिकचा आवाज ऐकू आला. नेहमीचाच प्रश्न होता, खिशाचा. उत्तर एसटीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

जयराम स्वतः शेवटचा खांब चढला तो ऑपरेशनच्या आधी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, डोळखांबच्या वरच्या पाड्यावर, एक दिवा बदलायला. खाली फ्यूज खिशात घालून वाल्मिक उभा होता.