ठोका माझा, घागर कुणाची?

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, आणि खरे सांगायचे तर फार दमलो आहे. सोनगीरच्या तांबट आळीत एका घराच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. माझ्या दांड्याला वाळवी लागली आहे. कुणी विचारले नसताना बोलतो आहे, कारण गप्प बसूनही थकवा जात नाही.

घागर घडवायला दोन जातींचे हातोडे लागतात. एक दणकट, तो तांब्याचा पत्रा बडवून त्याला पोट देतो. दुसरा मी. भांडे आकाराला आले की त्याच्या सगळ्या अंगावर शेजारी शेजारी बारीक ठोके द्यायचे, त्याला मठारणे म्हणतात. मठारले की पत्रा कडक होतो आणि चकाकत्या टिकल्यांच्या ओळी उमटतात. लोकांना ती नक्षी वाटते. नक्षी कसली, ती भांड्याची ताकद असते.

हिलाल तांबटांनी मला गावच्या लोहाराकडून करून घेतले. माझे तोंड मात्र त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केले, कारण हातोड्याला ओरखडा असला तर तोच प्रत्येक घागरीवर उमटतो. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाच्या, पितांबरच्या हातात आलो. पितांबरचा हात जरा झुकता. त्यामुळे आमच्या ठोक्यांची ओळ सरळ न जाता किंचित तिरपी चढायची. आळीतले तांबट चिडवायचे, "पितांबरनी घागर वाकडी चालस." पण गिऱ्हाईक त्या तिरप्या ओळीवरूनच आमचे भांडे ओळखायचे. वाकड्याचीही पत असते, बाबांनो.

आमचे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर, म्हणून नाना बोलींची माणसे ओट्यावर टेकत. इकडची बाई विचारी, "हातनं घडेल शे ना?" सुरतेकडचा व्यापारी 'हाथनुं घडतर' म्हणे, इंदूरचा 'हाथ की गढ़ाई', मारवाडी दुकानदार 'हाथ री घड़ाई'. सातपुड्यातून येणाऱ्या बाया कोणता शब्द वापरत तो मला कधी नीट कळला नाही, पण त्या स्वतःचा तळहात पुढे करून दाखवत. पितांबरचे कान तोवर ठोके ऐकून ऐकून निम्मे गेले होते. तांबटाचे कान असे जातातच. त्याला शब्द ऐकू येत नसे, पण तो शब्द उच्चारताना प्रत्येकाचा हात हलायचाच, आणि अर्थ त्याच्यापर्यंत बरोबर पोचायचा. आमच्या घरात तर भांडे 'बनवले' म्हणायची सोयच नव्हती. पितांबरची बायको सुमनबाई लगेच टोकायची, "भजा बनाडतस, भांडं घडतस."

ते दिवस बरे होते. अंग दुखायचे, पण कामाचे दुखणे गोड असते.

ऐंशी सालानंतर घरोघरी स्टील आले, मागोमाग प्लास्टिकच्या बादल्या आल्या. आळीतले ठोके एकेक करून बंद झाले. शेजारचे तांबट सुरतेला मिलमध्ये गेले. आमची भट्टीही दिवसचे दिवस थंड राहू लागली. अशात एके दुपारी जळगावचे भांड्यांचे दुकानदार मांगीलालशेठ टेम्पो घेऊन आले. टेम्पोत तांब्याच्या घागरी होत्या, मशीनवर ओढलेल्या.

"पितांबरभाऊ, घागर तयार आहे. तुम्ही फक्त वरून ठोके मारून द्या. गिऱ्हाईक तुमचा ठोका पाहून घेतं," ते म्हणाले.

पितांबरने एक घागर उचलून बोटाने दाबली. पत्रा पापडासारखा पातळ. तो म्हणाला, "हाई ठोका सोसनार नही."

"हळू मारा. मी नाही विकली तर दुसरा विकेल. माझ्याही दुकानात आता कोण येतं?"

शेठ खोटे बोलत नव्हते. पितांबरने सुमनबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "घरमा दाना नही. आते हातनं भांडं कोन लेस?"

आणि आम्ही कामाला लागलो. मित्रांनो, खरे काम करून मी कधी दमलो नव्हतो, या कामाने मात्र दमलो. ज्या घागरीला आम्ही पोट दिले नाही, गळा दिला नाही, तिच्या अंगावर नुसत्या टिकल्या काढायच्या. नवरी दुसऱ्याची आणि हळद आम्ही लावायची, तसला प्रकार. मांगीलालशेठनी दुकानावर 'हँडमेड' अशी पाटी लावल्याचे एकदा कौतुकाने सांगितले. हा शब्द आमच्या ओट्यावर नवीन होता. तो सांगताना शेठचे हात खिशात होते.

काही वर्षे अशी गेली. मग एका उन्हाळ्यात सावद्याच्या बेबाबाई आल्या. केळीच्या बागाईतदार घरातली बाई, एसटी बदलत बदलत आलेली. त्यांनी गाठोडे सोडून एक घागर पितांबरपुढे ठेवली. अंगावर आमच्या तिरप्या ओळी होत्या, आणि बुडाजवळ एका ठोक्याखाली केसाएवढी चीर.

"भाऊ, पोरीच्या लग्नात देल्ली ही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आमच्यात नवी नवरी माहेरच्या घागरीनं पहिलं पाणी भरून आनते. दारात येता येता अर्धं गळून गेलं. सासू चारचौघीत म्हने, माहेरच असं गळकं. पोर रडून रडून थकली. म्या तं ओळी पाहून घेतली होती. माह्या मायची घागर अशीच हाये, अजून पानी भरतो तिच्यात. ही तुमच्याच हातची हाये का, तेवढं सांगा."

बहिऱ्याला एक सोय असते. ऐकू आले नाही असे दाखवता येते. पितांबर घागरीकडे पाहत राहिला. नाही म्हटले तर मांगीलालशेठचे काम जाणार आणि चूल पुन्हा थंड. हो म्हटले तर हिलालबाबांपासूनची पत जाणार. दाराआडून सुमनबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बेबाबाईंच्या हातात तो देऊन ती नवऱ्याला म्हणाली, "सांगी टाका तिले."

पितांबर म्हणाला, "ठोका मना शेतस, माय. घागर मनी नही."

बेबाबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "मंग आम्ही बायांनी ओळखावं तं काय पाहून?"

मला तेव्हा लाज वाटली, पितांबरची तर मानच वर होईना.

पितांबरने नवी घागर घडवून द्यायचे ठरवले, आणि ती होईपर्यंत बेबाबाई धुळ्याला बहिणीकडे राहिल्या. सुमनबाईने घरातला जुना तांब्याचा बंब काढून दिला. पितांबरने तो फोडला, तापवला, बडवला. त्याचा खांदा दुखत होता, मधेच हात खाली येत होता, पण घागर उभी राहिली. शेवटी त्याने मला हातात घेतले. इतक्या वर्षांनी जाड तांब्यावर पडताना मला काय वाटले, ते कसे सांगू? मला रडू आले असते, पण लोखंडाला ती मुभा नाही. मशीनच्या घागरीला आत जोड नसतो, हे पितांबरने सांगितले, तेव्हा बेबाबाईंनी घागरीत हात घालून आतली जोडाची रेघ चाचपली, पदराने घागर पुसली आणि कडेवर घेऊन गेल्या.

मांगीलालशेठना पितांबरने पुढच्या खेपेला नाही म्हणून सांगितले. शेठनी वाद घातला नाही. ठोके उमटवणारे मशीन निघाले होते. त्या ओळी अगदी सरळ येतात म्हणे. सुमनबाई पापड लाटायला जाऊ लागली. पितांबरचा खांदा पुढे धरलाच, आणि मी खुंटीवर गेलो.

गेल्या वर्षी मांगीलालशेठ पुन्हा आले. टेम्पो रिकामा होता. ओट्यावर बसून पितांबरच्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरीचं लग्न आहे, पितांबरभाऊ. दुकानातली नको. हाथ री चाहीजे."

पितांबरने मला खुंटीवरून काढले आणि उचलून पाहिले. कमरेपर्यंत आलो, त्याच्या वर त्याचा हात जाईना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा मी निसटून खाली पडलो. शेठनीच मला उचलून दिले.

"कोणाला शिकवलं नाही?" त्यांनी विचारले.

"शिकाले कोन वना?" पितांबर म्हणाला. खरेच, शिकायला आले होतेच कोण?

शेठ ओट्यावरून उठले. मग रिकामा टेम्पो घेऊन गेले. आयुष्यभर त्यांनी जे विकले, ते त्या दिवशी त्यांना खरोखर हवे होते, आणि साऱ्या आळीत ते कुणाकडे उरले नव्हते.

मित्रांनो, मला पुसून जपा असे मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, आज ना उद्या गंजेन. पण तुमच्या गावात कुठे तांबट असेल, कुंभार असेल, कोष्टी असेल, तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. त्याचे नाव विचारा. जमले तर थोडे शिकून घ्या. आणि काही घडवून हवे असेल तर लग्नाची वाट पाहू नका. त्याचा हात वर होतो आहे तोवर मागा.