म्हादबाचा नमस्कार

पहिल्या साली म्हादबा गणपतीच्या मांडवात आला तेव्हा माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली होती. फार्स तसा साधाच. खेड्यातला म्हादबा पहिल्यांदा कंपनीत कामाला येतो, भोंगा झाला की आभाळ फाटलं म्हणून पालथा पडतो, मशीन सुरू झालं की बुजलेल्या बैलाला चुचकारावं तसं त्याला चुचकारतो, आणि मुकादम त्याच्या मागं धावून धावून घामाघूम होतो. बस. पण पिंपरीत तेव्हा कंपनी नवी, कामगारांची चाळ नवी, आणि चाळीतला जो तो काल-परवापर्यंत औतामागं चाललेला. भोंग्याला दचकला नाही असा एक माईचा लाल नव्हता. माणसं म्हादबाला हसत नव्हती, स्वतःला हसत होती. त्या हसण्यात पाप नव्हतं.

म्हादबा व्हायचा सयाजी. माण तालुक्यातून आलेला, पॅकिंग खात्यात खोकी बांधणारा. मुकादम व्हायचा चाकणचा इम्तियाज, कंपनीतला फिटर. दर गणपतीत हीच जोडी, हाच फार्स.

पण माणसं काही तिथंच थांबत नाहीत. मनगटावर घड्याळं आली, सायकली आल्या. भोंगा ऐकू आला नाही तर चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. चौथ्या साली सयाजी भोंग्याला पालथा पडला आणि मांडवात कुणीतरी नुसतं खोकलं. मागून एक आवाज आला, "ऊठ रं म्हादबा, परमनंट झालास की!" त्यावर मात्र सगळा मांडव हसला.

सयाजीच्या जिव्हारी लागलं ते.

पुढच्या गणपतीच्या तालमीला इम्तियाज सरळच म्हणाला, "सयाजीराव, म्हादबा मेला. आता माती द्या त्याला."

"काय बोलतोस!"

"नाहीतर मुकादम करा त्याला. पोट सुटलेला, नव्या पोरांवर डाफरणारा. आपल्यात आता तसलेच जास्ती झालेत. लोक हसतील, थोडे चिडतीलही."

"आणि खरा मुकादम चिडला तर?"

"तर समजायचं, फार्स जमला."

सयाजीला ते पटलं, म्हणूनच झोंबलं. साहेबासमोर त्याची मान वर होत नसे. वर्षभर त्याला ओळखणारं कोण? गणपतीत तो म्हादबा झाला की बायका दारादारातून बोट दाखवायच्या, म्हातारी माणसं पाठ थोपटायची. म्हादबा गेला तर मागं राहतो नुसता सयाजी, आणि तो कुणाला हवाय? खऱ्या मुकादमाला चिमटा काढायची त्याची छाती नव्हती. गरिबाला हसवण्यासाठी गरीबच हाताशी असतो, तो काही वाकडं करू शकत नाही.

"काहीतरी नवं घालतो," तो म्हणाला.

नवं त्याला गेटवर मिळालं. मिळालं कशाचं, रोज डोळ्यांपुढं होतं. त्याचा सासरा आबाजी. कंपनीखाली ज्यांची जमीन गेली त्यांतला एक. कंपनीनं त्याला बागेत माळी म्हणून ठेवला होता. म्हातारा रोज सकाळी गेटबाहेर वहाणा काढायचा, वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि अनवाणी आत जायचा. उजवा पाय जरा ओढत. नवी पोरं कोपरखळ्या मारायची, "म्हातारा कंपनीच्या पाया पडतोय बघ!"

सयाजीला खरं कारण विचारायची गरज नव्हती. त्याचा बापही रानात पाय टाकण्याआधी हेच करायचा. आबाजीच्या लेखी गेटच्या आत कंपनी नव्हतीच, त्याचं रान होतं. हे सयाजीला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्यानं ते उचललं.

फार्सच्या संध्याकाळी मांडव भरला होता. जावयाचं नाटक म्हणून आबाजीला पुढं सतरंजीवर बसवलं होतं. सयाजीची बायको शालन बायकांच्या घोळक्यात होती. म्हादबा आला, पुठ्ठ्याच्या गेटसमोर थबकला. वहाणा काढल्या. वाकला. मातीचा हात कपाळाला लावला आणि उजवा पाय ओढत आत शिरला. मग हात जोडून मुकादमाला म्हणाला, "सायेब, द्येव कुटं बसलाय? मशिनीत व्हय?"

मांडव फुटला. इतकं हसू पहिल्या सालीही आलं नव्हतं. आबाजीही हसला, सगळे हसतात म्हणून. मग त्याला दिसलं की माना त्याच्याकडे वळल्यात. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढून कुठं ठेवावं ते न कळल्यासारखं.

सयाजीनं ते पाहिलं. तिथंच थांबता आलं असतं. पण "वन्समोर! वन्समोर!" सुरू झालं आणि सयाजीनं पुन्हा वहाणा घातल्या, पुन्हा काढल्या. पुन्हा वाकला. या खेपेला पाय जरा जास्तच ओढला.

आणि हसणारे तरी कोण? सगळी शेतकऱ्यांची पोरं. एकेकाच्या बापानं रानाला असाच हात लावलेला.

मांडवामागं इम्तियाज पाठ करून तोंडाचा रंग पुसत होता. सयाजीनंच विषय काढला, "हसले की नाही?"

"हसले. पुढच्या साली मुकादम दुसरा बघा."

घरी शालननं ताट वाढलं आणि समोर बसली. "माज्या बापाची नक्कल झ्याक केलीत. पायबी बरुबर ओढलात. त्यो पाय हिरीच्या कामात दगडाखाली सापडल्याला, त्येबी सांगायचं हुतं की. आजून हसली असती."

सयाजीनं ताट बाजूला सारलं.

सकाळी तो लवकर गेटवर गेला. म्हाताऱ्याचे पाय धरायचे, एवढंच ठरवून. पहिल्या शिफ्टची माणसं जमली होती. आबाजी आला. वहाणा पायात. कुठं न थांबता तसाच चालू लागला.

"आबा, नमस्कार ऱ्हायला की!" एकजण ओरडला.

"ऱ्हाऊ दे," आबाजी म्हणाला. "जावईबापू करत्यात आता."

सयाजीच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. "आबा," त्यानं हाक मारली. म्हातारा वळला नाही. मग सयाजीनं पायातले बूट काढले, गेटसमोर खाली वाकला आणि दोन्ही हात मातीला लावले. या खेपेला ते खरं होतं. आपल्या बापासाठी, आबाजीसाठी, जे तोंडानं म्हणता येत नव्हतं त्यासाठी.

"आला, आला! म्हादबा आला!"

सगळं गेट खदाखदा हसलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी वन्समोर दिला. आबाजीची पाठ बागेच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि सयाजी वाकलेलाच राहिला. उठलं तर चेहरा दिसणार होता.