कुलूपवाल्याच्या पलंगाखाली

मी एक जुने बेडपॅन आहे. हसलात ना? हसा. मित्रांनो, नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले. वेळ आली की सगळे मलाच मागतात.

कारखान्यात पत्रा दाबून माझा आकार काढला, वर पांढऱ्या एनॅमलचा मुलामा देऊन भट्टीत भाजले. पंधरा वर्षे इस्पितळात राबले. काठाचे टवके उडाले तसे मला मोडीत काढले. तिथल्या परिचारिकेने मला एका कुलूपवाल्याच्या घरी पोचवले. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती.

घर ज्यू होते. तिथे माझ्यासमोर प्रार्थना करत नसत, मी धुऊन लख्ख असले तरी. आधी मी बाहेर, मग देवाचे नाव. मला त्याचे काही वाटले नाही. पण गंमत ऐका, त्याच घरात माझ्या कामासाठीही एक प्रार्थना होती. देहधर्म उरकला की हात धुवायचे आणि आभार मानायचे: उघडायचे ते उघडले, मिटायचे ते मिटले, म्हणून देवा, मी तुझ्यापुढे उभा राहू शकतो. कुलूपवाला छोट्या लेकीला अडवून सांगे, "पळतेस कुठे? आभार मान आधी. माझ्याहून मोठा कुलूपवाला आहे तो!"

दोन वर्षे त्याने स्वतः मला उचलले. शेजारी त्याची वाहवा करत, पण मदतीला एकही फिरकला नाही. बायको गेली आणि मी न्हाणीघरात फाटक्या चटईखाली जाऊन पडले. वीस वर्षे तिथेच.

मग कुलूपवालाच पडला. उजवे अंग लुळे. लेकीने मला घासूनपुसून आणले, तर त्याने तोंड फिरवले. लेकीने आपली घाण काढायची? त्यापेक्षा या शहाण्याने पाणीच सोडले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बजावून गेले, "असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील."

लेक पेला घेऊन उभी राहिली.

"प्या, बाबा."

"नको."

"लाज वाटते? मरायची नाही वाटत?"

"ती प्रार्थना आठव," म्हातारा पुटपुटला. "उभा राहू शकतो, असं आहे त्यात. मी उभा आहे का? कोणत्या तोंडानं म्हणू?"

"आई दोन वर्षं आडवी होती. दर वेळी तिचे हात धुऊन तुम्ही तिच्याकडून म्हणवून घ्यायचात. तिला कधी विचारलंत, तू उभी आहेस का?"

म्हाताऱ्याने फिरवलेले तोंड तिच्याकडे वळवले.

"वकील व्हायला हवी होतीस," तो म्हणाला. "आण इकडे."

दोन पेले प्यायला. तासाभराने मला कामाला लावले. किती वर्षांनी! लेकीने त्याच्या हातांवर पाणी घातले, मला उचलून बाहेर नेले आणि दार ओढून घेतले. आतून घोगरा आवाज आला. अडखळत, पण शेवटपर्यंत.

"आमेन," लेक म्हणाली. मी भरलेले तिच्या हातात होते. नियम साफ मोडला. मी आजवर कुणाला सांगितले नाही.

मित्रांनो, मला फुले वाहू नका. धुवा, कोरडे ठेवा, पुरे. पण घरात कुणी लाजेपायी पाणी पीत नसेल, तर उपदेश झाडू नका. पेला भरा, आणि मला उचलायला या.