आईची नखं

आईचे हात थरथरतात. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, तिची नखं मीच कापते. दर रविवारी सकाळी ती खुर्चीत बसून हात पुढे करते आणि मी नेलकटर घेऊन पाच मिनिटांत काम उरकते. त्या पाच मिनिटांत ती दहा वेळा ओरडते. "अगं हळू! बोटं ठेवायचीत मला." मीही काही गरीब गाय नाही. "मग जा पार्लरला," म्हणते.

हे सगळं सुखात चालू असताना मफलरवाला उपटला. मी एका कलादालनात दिवे लावायचं काम करते. कुठल्या चित्रावर कुठून, किती उजेड पाडायचा, ते माझं खातं. मफलरवाला हा परदेशी कलावंत, घामाने निथळला तरी मफलर न काढणारा. त्याची कलाकृती म्हणजे काचेची एक खोली, आत टेबल, दोन खुर्च्या, नेलकटर आणि माईक. एकमेकांची भाषा न येणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी तिथे बसून एकमेकांची नखं कापायची. बोलायचं ते आपापल्या भाषेत. त्या बोलण्यातली एकेक ओळ त्याच्या भाषेत भाषांतर करून भिंतीवर लागणार होती. याला कला म्हणत असतील, तर आमच्या घरी ती दर रविवारी फुकट चालते.

बुधवारी आई माझी विसरलेली किल्ली द्यायला आली आणि नेमकं मफलरवाल्याचं नखं कापायला ठरलेलं एक माणूस आलं नव्हतं. त्याने आईला खुणेनेच विचारलं. पाहुणे आले की आतल्या खोलीत दडून बसणारी माझी आई चटकन जाऊन खुर्चीत बसली! समोर एक परकी बाई होती, बसची ड्रायव्हर, माझ्याच वयाची, रुंद पंजांची. मी बाहेर शिडीवर. दिसत सगळं होतं, ऐकू काही येत नव्हतं.

ड्रायव्हरबाईने आईचा हात हातात घेतला. आई ओरडली नाही. एकदाही नाही. उलट बोलतच सुटली. माझ्याशी दूध संपलं, गॅस संपला, यापलीकडे न बोलणारी बाई ही! आणि ती परकी, एक अक्षर कळत नसताना, माना डोलवत होती. माझा नुसता जळफळाट झाला. पंचेचाळिसाव्या वर्षी, आईवरून.

मग आईची पाळी आली. तिच्या थरथरत्या हातांनी त्या बिचारीचं बोट जायचं म्हणून मी घाईने शिडी उतरायला लागले. आईने नेलकटर उचललं आणि दहाच्या दहा नखं कापली. गोल, नीट. वर कानसही फिरवली. हात जरासुद्धा हलला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं ही बाई मला फसवत होती, आणि परकीपुढे कशी ठणठणीत!

"छान होती गं," घरी जाताना आई म्हणाली. "हात किती उबदार तिचे."

"मग तिच्याकडेच जा राहायला."

"काय झालं तुला?"

मी झपाझप पुढे चालायला लागले.

शुक्रवारी मफलरवाला हेडफोन घेऊन माझ्याकडे आला. त्याची भाषा मला कामापुरती येते. आईचं बोलणं मीच सांगावं, असं त्याचं म्हणणं. मी हेडफोन कानाला लावले. आधी तिचे गुडघे, मग शेजारीण, मग शेजारणीचे गुडघे. आणि मग:

"माझी मुलगी कापते हो नखं. कचाकचा, घाईघाईत. मी ओरडते, म्हणजे जरा थांबते तरी. माझ्या हातांना काही झालेलं नाही. हे गेले तेव्हा हात थरथरायचे, तेव्हा तिने धरले. मग बरे झाले, पण मी सांगितलंच नाही. सांगितलं तर ती कशाला धरेल? तुला कळत नाही, म्हणून तुला सांगते."

मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा काही धड ऐकू आलं नाही, नाक वाहत होतं.

"काय म्हणते?" मफलरवाला पेन सरसावून बसला होता.

माझं होतं ते. माझ्याआधी त्या ड्रायव्हरणीला मिळालं, तेवढं पुरे झालं. आता भिंतीवर लावून गावभर वाटायचं?

"म्हणते, नखं फार लवकर वाढतात."

"वा!" त्याचे डोळे भरून आले. "काळाबद्दल बोलतेय ती!"

उद्घाटनाला आई आली. भिंतीवरच्या परक्या अक्षरांपुढे उभी राहून तिने विचारलं, "काय लिहिलंय माझं?"

मी वाचून दाखवलं.

"एवढंच? मी बरंच बोलले होते."

"बाकीचं मी नाही सांगितलं त्याला."

आई माझ्याकडे बघत राहिली. चेहरा उतरला तिचा. "म्हणजे तू ऐकलंस."

"ऐकलं."

मी तिचा हात धरला. तेवढ्यात गर्दीतून ड्रायव्हरबाई लांबूनच हसत, हात हलवत येताना दिसली. आई तिला हात करायला गेली, पण तो माझ्या हातात होता. मी काही तो सोडला नाही.