कमळजा पाण्यात उतरली

चार वर्षं दामिनीने हिमांशूवर डूख धरला होता, आणि कोणाला त्याचा वासही लागू दिला नव्हता. उलट तो दिसला की ती हसून "भाऊ, चहा घेता का?" विचारायची. हसऱ्या बाईला लोक भोळी समजतात, तर समजोत बापडे.

नवेगाव बांधच्या तलावात पूर्वी कमळजा नावाची दुमजली लाकडी लाँच फिरायची. खाली बाकडी, वर कठडा, पांढऱ्या अंगावर निळी पट्टी. गावात तिला सगळे जहाजच म्हणत. दामिनीचे वडील केशोराव छत्तीस वर्षं तिचे चालक होते. घरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, आईने, वच्छलाबाईंनी, सांभाळलं आणि यांनी जहाज.

दामिनीला नाद फोटोंचा. मोबाइलवर ती तासन्तास परदेशी बंदरांतली म्हातारी प्रवासी जहाजं पाहायची. गंज चढलेली, रंग उडालेली, तरी ताठ उभी. तसेच फोटो ती कमळजाचे काढायची, दर महिन्याला, घाटाच्या एकाच पायरीवरून. हिमांशूचा गोंदियात स्टुडिओ. तोही असल्या जहाजांपायी मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊन आलेला. तिचे फोटो पाहून तो म्हणाला, "क्या बात है! प्रदर्शनात लावतो, पेनड्राइव्ह दे." तिने दिला. मूर्खपणा तिचा, पण शिक्षा भलत्यालाच झाली.

त्यांत एक फोटो वैशाखातला होता. उन्हाळ्यात कमळजाला काठावर ओढून डांबर लावेपर्यंत फळ्या वाळायच्या आणि सांध्यांत फटी पडायच्या. म्हणून केशोराव इंजिन काढून तिला घाटाजवळच्या उथळ पाण्यात दहा-बारा दिवस मुद्दाम बुडवून ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगायचं, फटी मिटायच्या, मग पाणी उपसलं की ती पुन्हा तरंगायची. इथले मासेमार आपल्या छोट्या लाकडी डोंग्यांचं हेच करतात. हिमांशूने तो फोटो स्वतःच्या नावाने पेपरात दिला आणि खाली लिहिलं, 'चालकाच्या बेपर्वाईने जहाज बुडालं.'

जहाजाचा ठेका नुकताच घेतलेल्या नव्या ठेकेदाराने ते वाचून केशोरावांना कामावरून काढलं. ते बिचारे समजावून सांगायला हिमांशूच्या स्टुडिओतही गेले. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "काका, फोटो झूठ नहीं बोलता," म्हणाला. त्यानंतर केशोराव घाटावर फिरकले नाहीत. मागच्या पोळ्याला ते वारले. आदल्या दिवशी त्यांनी लेकीचा हात धरून विचारलं होतं, "म्या जहाज बुडवलं नाई न वं, दामिनी?"

तो प्रश्न तिच्या छातीत रुतून बसला. बापाचं नाव त्याच घाटावर, त्याच लोकांसमोर धुऊन निघायला हवं होतं आणि तिथेच हिमांशूचं तोंडही काळं व्हायला हवं होतं. यातल्या एकावर तिचं भागणार नव्हतं.

या जानेवारीत संधी आपल्या पायांनी चालत आली. हिमांशू आता 'जुन्या जहाजांचा जाणकार' म्हणून मिरवत होता. चार वर्षं झाडाखाली वाळत पडलेली कमळजा त्याने ठेकेदाराला सांगून पुट्टी आणि रंग लावून चकचकीत करवली. इंजिन नंतर बसणार होतं. आधी सकाळच्या उन्हात, पाण्यावरच्या जहाजात त्याचा स्वतःचा फोटो. आणि तो काढायला बोलावलं कोणाला, तर दामिनीला!

त्या सकाळी घाटावर गाव जमलं. जहाज ओढायला आलेल्या म्हाताऱ्या मासेमार गोवर्धनने फळ्यांवर हात फिरवला आणि तो हळूच तिच्याजवळ आला.

"लाकूड कोरडं ठणठणीत आहे वं. सांगू का त्याले?"

"त्यानं तुमाले विचारलं का, काका?"

"नाई."

"मंग?"

गोवर्धनने तिच्याकडे नीट पाहिलं आणि दोरी बांधली.

काही पोरं जहाजावर चढायला धावली, तेव्हा मात्र दामिनीने सगळ्यांना पायरीवर अडवलं. "फोटोत गर्दी नोको." तिला एकाच माणसाचं उट्टं काढायचं होतं. जहाज उभं करायचं तिथे पाणी छातीइतकंच आहे, हे तिने आदल्या दिवशी बांबू टाकून पाहिलं होतं.

गोवर्धनने डोंग्याने जहाज आत ओढून दोरी सोडली. हिमांशू पांढरे बूट घालून पुढच्या टोकाला उभा राहिला. दामिनी आपल्या जुन्या पायरीवर बसली आणि तिने घाई म्हणून केली नाही.

"थोडं डाव्या बाजूले, भाऊ. थांबा, ऊन येऊन राहिलं."

पाव तासाने तो ओरडला, "अरे, पानी आ रहा है!"

"आयकू येत नाई, भाऊ. हसा!"

बूट भिजले, बाकडी पाण्याखाली गेली, तसा तो धडपडत वरच्या मजल्यावर चढला. कमळजा एका अंगाला कलली आणि गाळात टेकून थांबली, अगदी वैशाखातल्यासारखी. वर कठड्याला मिठी मारून जाणकार उभे! दामिनीने तेव्हा फोटो काढला. आनंद झाला तिला, भरपूर झाला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

आधी घाबरलेला घाट आता खदखदून हसत होता. दामिनीने मोबाइलवरचा जुना फोटो सगळ्यांना दाखवला. "हे पाहा, अन् ते पाहा. जहाज बुडालं नाई, भिजून राहिलं. माहा बाबा दरसाल भिजवत होता. यानं त्याले बुडव्या केलं." ठेकेदाराने मोबाइल हातात घेऊन जुना फोटो पुन्हा पाहिला.

"तुला माहीत होतं!" हिमांशू वरून किंचाळला. "सांगितलं काऊन नाही?"

"बाबा आले होते न सांगाले, तुमच्या स्टुडिओत," ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "फोटो झूठ नहीं बोलता, भाऊ."

गोवर्धनने आधी चहा मागवला, तो बशीत ओतून सावकाश प्याला, आणि मग त्याला आणायला डोंगा काढला.

पेपरात फोटो दामिनीच्या नावाने आला. खालच्या ओळीत तिने एकच शब्द बदलला होता. 'जाणकाराच्या बेपर्वाईने जहाज बुडालं.'

बाराव्या दिवशी मासेमारांनी पाणी उपसलं. कमळजा हलली, सरळ झाली आणि तरंगली. तळाला एक थेंब पाणी नव्हतं. वच्छलाबाई आत जाऊन चालकाच्या जागी बसल्या आणि बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिल्या. मग डोळे पुसून लेकीला म्हणाल्या, "त्या हिमांशूलेबी बारा दिवस पान्यात ठेवला असता, त सुधरला असता का वं?"

"नाई, माय," दामिनी म्हणाली. "लाकूडच सुधरते."