भिंगरीचा लोड

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. सध्या बालवर्गाच्या कपाटावर, मोडक्या ठोकळ्यांच्या खोक्याशेजारी धूळ खात पडलो आहे. मनात कडवटपणा फार साठला आहे, तेव्हा थोडं तिखट बोललो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म याच वर्गात झाला. शाळेतल्या मावशींनी घरची जुनी गादी उसवून कापूस आणला आणि बाईंनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली. शिवण वाकडी आली. "भलताच आडदांड झालाय," म्हणून मावशी हसल्या. मला ते कौतुकच वाटलं, कारण माझं कामच मार खायचं होतं.

वर्गात एक साडेचार वर्षांची मुलगी होती. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. कुणी तिचे ठोकळे ओढले की ती चावायची, ढकलायची, हाताला लागेल ते फेकायची. इतर मुलांच्या आयांनी तक्रारी केल्या होत्या. आता पुन्हा असं झालं तर मुलीला घरीच ठेवा, असं मोठ्या बाईंनी तिच्या बाबांना बजावलं होतं.

आमच्या बाईंनी मात्र तिला नीट पाहिलं होतं. चावण्याआधी तिचे कान लाल होतात आणि मुठी वळतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तसं दिसलं की त्या तिला खिडकीखालच्या कोपऱ्यात माझ्याकडे आणत आणि स्वतः शेजारी फरशीवर बसत. भिंगरी मला लाथा घाली, बुक्क्या मारी, मग माझ्या पोटात तोंड खुपसून रडे. बाई तोवर एक शब्द बोलत नसत. शेवटी ती "झालं" म्हणे, आणि मग दोघी मिळून, ज्याला लागलं असेल त्याची विचारपूस करायला जात. हा कोपरा शिक्षेचा नाही, इथे कुणी कुणाला पाठवायचं नाही, असं बाईंनी साऱ्या वर्गाला सांगितलं होतं. मी ते वचन समजून बसलो.

हळूहळू ती आपणहून येऊ लागली. चावणं थांबलं. लोडाने बाजी मारली, असं बाई मावशींना सांगत, आणि मी आधीच गोल, त्यात आणखी फुगत असे.

मग पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. भिंतीला टेकून आईबाबा उभे होते, दारात मोठ्या बाई. एका मुलाने भिंगरीचा मनोरा पाडला. तिचे कान लाल झाले, मुठी वळल्या, पण तिने त्याला हात लावला नाही. ती उठली आणि माझ्याकडे निघाली. तो चिडवत वाटेत आडवा आला, तशी तिने त्याला बाजूला ढकललं. तो पडला, ओठ फुटला. त्याची आई तावातावाने बोलू लागली. मोठ्या बाईंनी आमच्या बाईंकडे नुसतं पाहिलं.

बाई घाबरल्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"जा, लोडापाशी जाऊन बस. सगळे जाईपर्यंत उठायचं नाही."

कुंपणानेच शेत खाल्लं, मित्रांनो. भिंगरी आली, पण मला शिवली नाही. पाठ फिरवून बसली. बाई शेजारी आल्या नाहीत. एवढ्या लाथा खाल्ल्या, पण तेवढं कधीच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं एकमेकांना "तुला लोड, तुला लोड" म्हणून भिववू लागली. बाईही धांदलीत तसंच म्हणू लागल्या. एकदा सोपी वाट सापडली की जिभेला वळण लागतं. भिंगरी कोपऱ्याकडे फिरकेना. राग आला की ती टेबलाखाली शिरे आणि काढायला येणाऱ्याला चावे. एके दिवशी ती मावशींनाच कडकडून चावली.

तिचे बाबा तिला कायमचं न्यायला आले तेव्हा बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी मला उचलून पुढे केलं.

"हा घरी घेऊन जा, बाळा. तुझाच आहे."

भिंगरी बाबांच्या मागे सरकली.

"नको. तो तुमच्या बाजूचा आहे."

बाई मला घेऊन मागे वळल्या. त्यांनी मला इथे वर ठेवून दिलं.

मित्रांनो, मला झटका, धुवा, ऊन दाखवा, असं माझं मागणं नाही. रागावलेलं मूल जिथे विश्वासाने येतं, ती जागा त्याला शिक्षा म्हणून देऊ नका. आणि ती मुलगी कुठे भेटली तर तिला एवढं सांगा, की मी तिच्याच बाजूचा होतो. मला कुणी विचारलं नाही.